महार सैनिकांचे संग्रहालय : आधी नोंद, मग इमारत

भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईत धारातीर्थी पडलेल्या महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडली गेली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. या सैनिकांची पदके, पत्रे, पेन्शनची कागदपत्रे आजही अनेक घरांत ट्रंकेत पडून आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी आपण पोहोचले पाहिजे.

म्हणून आम्ही म्हणतो, सुरुवात नोंदीपासून करा. वस्तूंचे फोटो घ्या, कुटुंबाची लेखी संमती घ्या, वृद्ध माजी सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. निधी मागण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी हवी. न्यासाच्या नावे बँक खाते, प्रत्येक धम्मदानाची पावती आणि दरवर्षी लेखापरीक्षण हवे. प्राप्तिकर कायद्याखाली देणग्यांसाठीची मान्यता मिळाल्यास दात्यांना करसवलत मिळू शकते. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात वारसा जतन आणि माजी सैनिकांचे हित हे दोन्ही विषय असल्याने सीएसआर निधीही मागता येतो.

येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील माजी सैनिकांची यादी केली, तरी संग्रहालयाचे पहिले दालन तयार होईल.