ढोल कुणी वाजवला?

पॅरिसच्या उत्तरेला सार्सेल म्हणून उपनगर आहे. तिथे आमच्या खालच्या मजल्यावर मार्तिनिक बेटावरच्या एक आजी राहायच्या. त्यांची माणसं त्यांच्या नावाआधी 'मां' लावायची. क्रिऑलमध्ये वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. मी नुसतंच 'मां' म्हणू लागले, त्यांनी चालवून घेतलं. ब्युमिडोम या सरकारी खात्यानं 1963 पासून कॅरिबियन बेटांवरची तरुण पोरं कामासाठी फ्रान्सला आणली, मां त्यांतल्याच. इस्पितळात आयाचं काम करण्यात त्यांची तीस वर्षं गेली.

गोष्टी सांगाव्यात तर त्यांनीच. "क्रिक?" असं त्यांनी विचारायचं, आम्ही "क्राक!" म्हणून ओरडायचं, मगच गोष्ट पुढे सरकायची. त्यांच्या गावी मयताच्या घरी रात्रभर जागताना अशा गोष्टी रंगत. दिवसा मात्र गोष्ट सांगायची नाही, हा नियम. (माझी नागपूरची आजीही सांगत नसे, मामा वाट चुकतो म्हणे.) त्यांच्या गोष्टींतला ससा सदा उपाशी आणि सदा लबाड.

"त्याला एवढी भूक कशी?" मी एकदा विचारलं.

"खायला मोजून मिळायचं ना, पोरी."

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. 'गुलाम' हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढत नसे.

ढोलाची हकिगत तेवढी सरळ सांगायच्या. साल 1848. गुलामगिरी रद्द करणारा हुकूम 27 एप्रिलला पॅरिसमध्ये निघाला होता, पण बेटावर पोचायचा होता. इकडे सें-पियेरजवळच्या एका मळ्यावर माणसं कसावा किसत होती. आपला साबुदाणा ज्याचा होतो, तोच कंद. रोमें नावाचा गुलाम त्यांच्या हातांना ताल मिळावा म्हणून ढोल वाजवत होता. मालकानं मनाई केली होती. रोमेंला तुरुंगात टाकलं, लोक जमले, त्याला सोडावं लागलं. तरीही 22 मेला गोळ्या चालल्या, रात्री घरं पेटली. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरनं हुकमाची वाट न बघता मुक्ती जाहीर करून टाकली.

मांच्या आजीनं हे तिच्या आजीकडून ऐकलेलं. "शाळेत शिकवलं, पॅरिसच्या श्योल्शेरसाहेबांनी हुकूम काढून स्वातंत्र्य दिलं," मां म्हणायच्या. "मग ढोल काय मांजरानं वाजवला?"

मुक्तीनंतर 70,000 हून जास्त माणसांना आडनावं द्यायची होती. कारकुनांनी रोमन इतिहासातली दिली, झाडापाल्याची दिली, कुणाची अक्षरं उलटीपालटी करून दिली. मालकांना 1849 च्या कायद्यानं भरपाई मिळाली. सुटलेल्यांना छदामही नाही.

23 मे 1998 ला गुलामीत गेलेल्या पूर्वजांची आठवण म्हणून पॅरिसच्या रस्त्यांवरून हजारो लोक मूकपणे चालले, त्यानंतर कित्येक जण आडनावांच्या त्या जुन्या नोंदवह्या चाळायला लागले. मां त्या दिवशी ड्यूटीवर होत्या. पुढे बऱ्याच वर्षांनी नातवानंच एका नोंदीची प्रत आणली. त्यानं ती वाचून दाखवली: मुलीचं नाव, वय बारा, आईचं नाव, गुलामांच्या जुन्या वहीतला नंबर. शेवटी आडनाव, मांच्या पेन्शनच्या कागदावर आहे तेच.

मांनी नंबरावर बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथून हललं नाही.

"आजीची आजी," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांची होती होय!"

बाहेर भर दुपारचं लख्ख ऊन होतं. नातू कागद पाकिटात घालायला लागला.

"राहू दे तो इथेच," मां म्हणाल्या. "आणि आधी पडदे ओढून घे."

त्यानं ओढले. खोलीत अंधार झाला.

"क्रिक?"