शून्य आणि रिकामी जागा

लेस्टरमधली मार्चची रात्र म्हणजे काही आपल्याकडचा वसंत नव्हे. बाहेर सहा अंश, भाड्याच्या घराच्या परसात पतंगांसाठी लावलेला दिवा, आणि मी आत रजईत. सकाळी खोक्यातले अंड्यांचे पुठ्ठे उचलायचे, त्याखाली बसलेले पतंग मोजायचे, फोटो काढून सोडून द्यायचे. एखादा ‘हिब्रू कॅरेक्टर’ मिळतो. पंखावर हिब्रूतल्या ‘नून’ अक्षरासारखी काळी खूण असते, म्हणून हे नाव. बऱ्याचदा काहीच मिळत नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं जेनिफर ओवेन यांच्यामुळे. याच शहरात, चारचौघांसारख्या घराच्या बागेत, त्यांनी १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं नोंदी ठेवल्या. मल्टिपल स्क्लेरोसिसने चालणं अवघड झालं, तरीही. एकूण प्रजाती भरल्या २,६७३, त्यातले जवळजवळ दोन हजार कीटक. अभयारण्य वगैरे नाही हो, भाजी-फुलांची साधी बाग!

अशा चिकाटीचं जुनं उदाहरण हार्पेंडनच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातलं आहे. सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ साली तिथे प्रकाशसापळा लावला आणि चार वर्षं रोज रात्री चालवला. १५,६०९ पतंग, २४० जाती. त्यातल्या ३५ जातींचा चार वर्षांत फक्त एकेक पतंग आला. हे आकडे रोनाल्ड फिशर यांच्यापर्यंत गेले (स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात आपल्याला छळणारे तेच). मोजक्या जाती भरमसाट आणि बऱ्याचशा दुर्मीळ असतात, याचं गणित त्यातून १९४३ साली मांडलं गेलं. पुढे १९६८पासून देशभर सापळ्यांचं जाळं उभं राहिलं. १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली, हे त्या रोजच्या कंटाळवाण्या मोजणीतूनच कळलं.

हे वाचून मी माझी एक्सेल शीट उघडली. फेब्रुवारीत काही सापडलं त्याच रात्री मी लिहिल्या होत्या. मधल्या अकरा तारखा कोऱ्या. दिवा लावला होता आणि काही आलं नाही, की थंडीचा कंटाळा करून दिवा लावलाच नव्हता? ‘नल’ आणि ‘झीरो’ यातला फरक ऑफिसात मी ज्युनियरना शिकवतो! विजेच्या ॲपमध्ये रात्रीचा वापर शोधून पाहिला, पण हीटरच्या आकड्यांत तो इवलासा दिवा कुठे दिसणार?

त्या अकरा तारखांत अंदाजाने शून्य भरायचा मोह झाला. भरले नाहीत. आज सकाळी सगळे पुठ्ठे उलटून पाहिले, एकही पतंग नव्हता. शीटमध्ये तारीख टाकली, तापमान टाकलं, पुढे ०.