हलालखोर कर आणि लंडनचा गाळ

मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारी एक कर होता, ‘हलालखोर कर’. घराघरांतला मैला उचलण्यासाठी तो घेतला जाई. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा शब्द ओलांडून पुढे जाता येत नाही. हलालखोर म्हणजे कष्टाची, हलाल रोटी खाणारा. सफाई करणाऱ्यांसाठी हा शब्द अकबराने रूढ केला, असं अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त लिहितो. नाव इज्जतीचं मिळालं, वागणूक तीच राहिली. (आपल्यातल्या किती घरांनी हलालखोर बिरादरीशी सोयरीक केली, तेही मोजून बघा.) पुढे कराचं नाव बदलून मलनिःसारण कर झालं.

त्याच सुमारास लंडन वेगळ्या पेचात होतं. 1878 मध्ये ‘प्रिन्सेस ॲलिस’ बोट थेम्समध्ये बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आणि तीही शहराचं सांडपाणी नदीत सुटायचं त्याच्या जवळच. बोभाटा झाला, आयोग बसला. सांडपाण्यात चुना आणि लोहक्षार घालून घाण खाली बसवायची, असं ठरलं. पाणी निवळलं, पण तळाशी गाळ उरला. तो 1887 पासून जहाजांत भरून थेम्सच्या मुखाबाहेर ओतू लागले. पहिल्या जहाजाचं नाव ‘बॅझलजेट’, लंडनची गटारं बांधणाऱ्या इंजिनिअरचं. हे 1998 पर्यंत चाललं, कारण स्वस्त होतं. समुद्र बिल पाठवत नाही. युरोपच्या 1991 च्या निर्देशाने ती वाट बंद झाली, तेव्हा बेक्टन आणि क्रॉसनेसला गाळ जाळायच्या भट्ट्या बांधाव्या लागल्या.

गाळ महाग का, ते सातवीच्या गणिताने कळतं. 100 किलो गाळात 3 किलो घन, बाकी पाणी. घन भाग 6 टक्क्यांवर आणला की वजन 50 किलो, वाहतूक निम्मी. पण ते पाणी काढायला यंत्रं, रसायनं, वीज लागते. म्हणून सांडपाण्याच्या मानाने गाळ जेमतेम एक-दोन टक्के असला, तरी प्रक्रिया केंद्राचा निम्म्यापर्यंत चालू खर्च तो खातो. थोडा परतही देतो: माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात 1897 च्या सुमारास मैल्याच्या वायूवर इंजिन चालवलं होतं.

आपल्याकडे समुद्राची जागा माणसाने घेतली. 1993 आणि 2013 चे कायदे असूनही टाकीत माणूस उतरवला जातो, कारण तो यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. निविदेत त्याच्या जिवाचा रकाना नसतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाख रुपये ठरवली, 2023 मध्ये 30 लाख केली.