वाकोल्याच्या घरात आलेली हृदयमापके

घरच्या घरी हृदयाची खबर घेण्यासाठी आज चार प्रकारची साधने मिळतात: दंडाला पट्टी बांधून रक्तदाब मोजणारे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, मनगटावरचे घड्याळ आणि हृदयाचा विद्युत आलेख काढणारे छोटे ईसीजी यंत्र. ती एकाच वेळी आली नाहीत. प्रत्येक साधन वेगळ्या गरजेतून दवाखान्याबाहेर पडले. कोणते घ्यावे याचे उत्तरही या इतिहासातच सापडते.

मुंबईतल्या वाकोल्याचेच उदाहरण घेऊ. वाकोला सांताक्रूझ पूर्वेला आहे, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि कालिन्याचे विद्यापीठ यांच्या आसपास. जुन्या नोंदीत हा भाग कोले-कल्याण गावात मोडतो. चाळी, झोपडवस्ती, पुनर्वसनाच्या उंच इमारती आणि सोसायट्या इथे एकमेकींना लागून आहेत. मुंबईच्या अशा उपनगरांत हृदयाची पहिली तपासणी होई ती फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात. नाडी धरायची, छातीला स्टेथोस्कोप लावायचा आणि पाऱ्याच्या यंत्रावर बीपी बघायचे. यातला स्टेथोस्कोप फ्रान्समध्ये लॅनेकने १८१६ साली केला. दंडाला पट्टी बांधण्याची रीत इटलीतल्या रिवा-रोच्चीने १८९६ मध्ये बसवली. पट्टीतली हवा सोडताना धमनीत उमटणारे आवाज ऐकून वरचे आणि खालचे असे दोन्ही आकडे घेण्याची पद्धत १९०५ मध्ये रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह याने सांगितली. भारतात शेकडो दवाखान्यांच्या टेबलावर दिसणारे ‘डायमंड’ हे पाऱ्याचे यंत्र पुण्यात तयार होई.

रक्तदाब वारंवार मोजायची गरज मात्र औषधांमुळे निर्माण झाली. वाढलेल्या रक्तदाबावर उपायच नव्हता तोवर तो रोज मोजून उपयोग नव्हता. या बदलात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा ५० रुग्णांवरचा अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि रक्तदाब औषधाने उतरवता येतो ही गोष्ट जगापुढे आली. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे केईएम रुग्णालयाच्या डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह शवासनाचा रक्तदाबावर होणारा परिणाम अभ्यासून १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. गोळी असो वा आसन, दोन्ही रोजचे आणि दोन्ही घरी करायचे. मग मोजमापही घरी येणे ओघानेच आले.

ते आणण्यात पाऱ्याची अडचण होती. पारा विषारी, काच नाजूक, शिवाय आवाज ऐकायला तयार कान हवा. जपानच्या ओम्रॉन कंपनीने १९७३ पासून रक्तदाबमापके बाजारात आणली आणि पुढच्या दशकांत बटण दाबताच आकडे दाखवणारी स्वयंचलित यंत्रे सर्वत्र पसरली. ही यंत्रे आवाज ऐकत नाहीत. पट्टीतल्या हवेच्या दाबात धमनीमुळे होणारी कंपने ती टिपतात आणि त्यांवरून आपल्या सूत्राने वरचा व खालचा आकडा काढतात. हे सूत्र प्रत्येक कंपनीचे निराळे असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार माणसांवर पडताळून पाहिलेले यंत्रच घ्यायचे असते. शेजारणीच्या आणि आपल्या यंत्रात फरक का पडतो, याचे उत्तर पुष्कळदा पट्टीत असते. आतला फुगा दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के लांब हवा. जाड दंडाला लहान पट्टी बांधली तर रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो आणि माणूस नको ती गोळी खात राहतो. मनगटावर रक्तदाब मोजणारी यंत्रे सुटसुटीत असली तरी हात हृदयाच्या पातळीवर नसेल तर ती चुकतात. बहुतेकांसाठी दंडावरचेच यंत्र योग्य. पाच मिनिटे शांत बसून, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी न घेता, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा असे सात दिवस मोजावे, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढावी, अशी शिफारस आहे. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरतात, घरी १३५/८५.

महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या सुमारे ३४ टक्के मुंबईकरांचा रक्तदाब वाढलेला आढळला. त्यामुळे घरात एकच साधन घेण्याइतके पैसे असतील तर रक्तदाबाचे यंत्र आधी घ्यावे, बाकी सारे नंतर.

कार्डिओग्रामचा, म्हणजेच ईसीजीचा, इतिहास याहून वेगळा. हॉलंडमधल्या लायडनला आइन्थोवेनने विसाव्या शतकाच्या आरंभी बनवलेले यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून त्याने १९०५ मध्ये दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचा आलेख प्रयोगशाळेत आणला. रुग्ण एका जागी आणि आलेख वाचणारा दुसऱ्या जागी, ही व्यवस्था इतकी जुनी आहे. त्याला १९२४ चे नोबेल मिळाले.

भारतात पालक्काड इथे १९६३ साली स्थापन झालेल्या बीपीएलची ईसीजी यंत्रे दवाखान्यांत परिचित झाली. यंत्र पेटीएवढे झाल्यावर तंत्रज्ञ ते घेऊन रुग्णाच्या घरी जाऊ लागले. हातापायांना चिमटे, छातीला जेली आणि रबरी फुगे लावून ‘घरी कार्डिओग्राम काढणे’ ही मुंबईतली रुळलेली सेवा झाली. चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशीच रुग्णवाहिका थांबते, अशा वस्तीत तिचे मोल फार होते. चौकटींच्या कागदावरच्या त्या पट्ट्या घरोघरी फायलींत जपल्या जातात. उष्णतेने उमटणारी रेघ काही वर्षांत पुसट होते, म्हणून तिची झेरॉक्स काढून ठेवलेली बरी. नवा कार्डिओग्राम जुन्याशी ताडून पाहता येणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने अमोल गोष्ट असते.

पण धडधड नेमकी तंत्रज्ञ येईपर्यंत थांबते. या अडचणीवर अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी १९४९ मध्ये पाठीवर वाहून न्यायचे सुमारे ३८ किलोंचे यंत्र केले. पुढे ते लहान होत गेले आणि २४ तास आलेख टिपणारी तपासणी त्यांच्याच नावाने रूढ झाली. रोज धडधड होत असेल तर होल्टर पुरतो, महिन्यातून एकदा होत असेल तर तो कोराच परततो. अशा रुग्णांसाठी डेव्हिड अल्बर्ट यांच्या अलाइव्हकोरचे फोनला जोडायचे ईसीजी यंत्र उपयोगी ठरले. अमेरिकेत त्याला २०१२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. दोन्ही हातांची बोटे ठेवून अर्धा मिनिट थांबले की एका रेषेचा आलेख मिळतो. २०१८ पासून ॲपलच्या घड्याळातही ही सोय आली. त्या घड्याळाच्या नाडी-इशाऱ्यांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार लाखांहून अधिक लोकांपैकी ०.५२ टक्क्यांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला. त्यानंतर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून तपासलेल्यांत ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन हा लय बिघडण्याचा विकार सापडला. इशारा म्हणजे निदान नव्हे, हे या आकड्यांत स्पष्ट आहे.

एका रेषेच्या आलेखाला मोठी मर्यादा आहे. त्यात ठोक्यांची लय कळते, हृदयविकाराचा झटका त्यावरून नाकारता येत नाही. त्यासाठी छातीवरूनही नोंद घेणारा बारा रेषांचा आलेख लागतो. तसा आलेख काढणारे, खिशात मावणारे टेली-ईसीजी यंत्र ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले. ते मोबाइलवर चालते आणि आलेख दूरच्या डॉक्टरांना पाठवता येतो. त्याची किंमत सुमारे चार हजार रुपये सांगण्यात आली होती. मात्र छातीवरच्या जागा नीट सापडणारा माणूस घरात हवा आणि आलेख लगेच वाचणारा डॉक्टर दुसऱ्या टोकाला. ही दोन माणसे ठरलेली नसतील तर यंत्र घेण्यात अर्थ नाही. छातीत कळ, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना असेल तर घरचा आलेख चांगला दिसला तरी थांबू नये. सांताक्रूझ पूर्वेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय किंवा जवळचे कोणतेही हृदयरोगाची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण सांगणारा ऑक्सिमीटर घराघरांत आला तो कोविडमध्ये. ताकुओ आओयागी यांनी त्याचे तत्त्व १९७४ मध्ये जपानात मांडले होते. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन बोटे तपासली आणि ९५ हा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. हे साधन ठोक्यांची संख्या सांगते, लय बिघडली की नाही हे सांगत नाही. नेलपॉलिश, थंड बोटे आणि गडद त्वचा यांनी त्याचा आकडा फसतो. हृदयरोग्यासाठी केवळ तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

याच काळात सरकारी देखरेखही वाढली. १ जानेवारी २०२१ पासून डिजिटल रक्तदाबमापक, थर्मामीटर, नेब्युलायझर आणि ग्लुकोमीटर यांना भारतात औषधांप्रमाणे नियमन लागू झाले. जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर व रक्तदाबमापकांसह पाच उपकरणांवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांपर्यंत सीमित करण्यात आला. यंत्र दक्षिण मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानातून घ्या किंवा वाकोल्यातल्या केमिस्टकडून, खोक्यावर परवाना क्रमांक, आयातदार किंवा उत्पादकाचा पत्ता आणि पट्टीचा माप-पल्ला पाहावा, पक्के बिल घ्यावे. परवाना म्हणजे विकण्याची मुभा, अचूकतेची पडताळणी त्याहून वेगळी. नव्या यंत्राचा आकडा एकदा डॉक्टरांच्या यंत्राशी, त्याच बैठकीत, त्याच दंडावर ताडून पाहावा आणि वर्षाकाठी पुन्हा तपासावा.