सहाव्या माणसाची जागा

नामांकित मंडळी फुटल्याच्या कथा आपण चवीने ऐकतो. आज मी फुटून पुन्हा सांधल्या गेलेल्या एका मंडळीची हकिगत सांगणार आहे, आणि तीही हेवी मेटल या दणदणाटी संगीताच्या प्रांतातली.

स्टीव्ह हॅरिस या बास गिटार वाजवणाऱ्या तरुणाने १९७५ च्या नाताळात लंडनच्या पूर्व भागात ‘आयर्न मेडन’ हा वाद्यवृंद उभारला. वृंदाचा सूत्रधार तोच, पुष्कळशा गीतांचा कर्ताही तोच. दोन ध्वनिमुद्रिका निघून नाव होऊ लागले असता, १९८१ साली त्याने गायक पॉल डियानो यास निरोप दिला. ओळखीचा झालेला आवाजच बदलायचा, हा केवढा जुगार! परंतु ब्रूस डिकिन्सन आला, आणि १९८२ ची ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

यशाबरोबर ताणही वाढले. १९८४-८५ चा दौरा सुमारे अकरा महिने चालला. माणसे पिचून गेली. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी डिकिन्सनने रचलेली सौम्य वळणाची गाणी इतरांनी नाकारली. संगीताची दिशा न पटल्याने १९९० मध्ये गिटारवादक एड्रियन स्मिथ बाहेर पडला. १९९३ मध्ये डिकिन्सनही गेला. त्याच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीच्या काळात वृंद टिकला खरा, पण सभागृहे लहान होत गेली.

१९९९ साली डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परतले. आता पेच असा, की स्मिथची गिटार नऊ वर्षे यानिक गर्स सांभाळीत होता. दोन गिटारींवर वृंदाचे भागत असे. हिशेबी मालकाने गर्सला निरोपच दिला असता. हॅरिसने तिसरी गिटार ठेवली. पाचांचे सहा झाले! मात्र गायकाची जागा एकच. पडत्या काळात साथ दिलेल्या बेलीला जावे लागले. समेटाची किंमत अशी कोणीतरी मोजतोच. ती शक्य तितक्या थोड्यांना मोजावी लागावी, एवढेच सूत्रधाराच्या हाती असते.

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत या सहा जणांनी आपल्या नव्या जागतिक दौऱ्याचा आरंभ केला. वैमानिक असलेल्या डिकिन्सनने वृंदाचे बोइंग विमान स्वतः चालवीत आणले होते. पुढे २०२४ अखेर तालवादक निको मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, हा संच अभंग राहिला. एकेकाळी ज्यांचे पटले नाही, त्यांचाच हा संच. गेलेल्याला परत घेताना राहिलेल्याला उठवले नाही, यातच त्याचे पुष्कळसे रहस्य आहे, असे मला वाटते.