हवालदाराचा शेरा

मागच्या आठवड्यात तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक काका भेटले. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. नातवाच्या फॉर्मला जोडायला स्वतःच्या डिस्चार्ज बुकची झेरॉक्स काढत होते. पिवळं पडलेलं पुस्तक, कोपरे झिजलेले. 'कॅरेक्टर'च्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "पाहा पत्रकार साहेब, एकच शब्द हाय. एक्झेम्प्लरी. याच्यासाठी सारी जवानी घातली. पण मी काय काम केलं, ते याच्यात कुठंच लिवलं नाही."

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांच्या घरात फौजी आहे किंवा ज्यांचा पोरगा पहाटे उठून भरतीसाठी धावतो, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी 'हवालदार' हा शब्द पाहू. ज्याच्या हवाली काहीतरी केलं आहे, तो हवालदार. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेची रचना दिली आहे. पागेत २५ बारगीरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार. गडावर तर हवालदार हा मोठा माणूस, पण एकटा नाही. त्याच्या बरोबरीनं सबनीस आणि सरनोबत. तिघांनी मिळून कारभार करायचा, म्हणजे एकाच्या मर्जीवर गड जाऊ नये. एका माणसाच्या हाती सगळा निकाल देऊ नये, हे आपल्याकडं साडेतीनशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

पुढं इंग्रज आले आणि त्यांनी हाच शब्द आपल्या सार्जंटच्या जागी बसवला. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशी देशी शिडी तयार झाली. ही शिडी चढायची कशी, यावर कंपनीच्या फौजांत मोठा फरक होता. बंगालच्या फौजेत बढती ज्येष्ठतेवर. जो आधी आला तो आधी वर, मग त्याला काम येवो न येवो. मुंबईच्या फौजेत लायकी पाहून वर घेत. जॉन जेकब नावाचा मुंबई फौजेचा अधिकारी बंगालच्या या पद्धतीवर १८५७ च्या आधीपासून टीका करत होता. मुंबईच्या फौजेत मराठा, महार, कोकणी, परदेशी असे सगळे एकाच पलटणीत असत. त्यामुळं महार हवालदाराच्या हुकुमाखाली वरच्या जातीचा शिपाई उभा राहू शकत होता. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याचा हुकूम पलटणीत चालत होता. हे झालं ते कामाच्या मापानं. जातीचं माप तिथं लावलं गेलं नाही म्हणून.

भीमा कोरेगावचा स्तंभ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर उभारलेला. त्यावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती महार शिपायांची. त्या लढाईचा अर्थ काय लावायचा यावर आज वाद आहेत, त्यात मी इथं जात नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की दगडावर कोरलेला तो एक सेवेचा दाखलाच होता.

आणि तो दाखला पुढं कामाला आला नाही.

१८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याच्या काळात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत जोरात आला. काही जाती जन्मानंच लढवय्या, बाकीच्या नाहीत. दक्षिणेकडच्या फौजा शांततेत राहून मऊ पडल्या, असं त्याचं मत. १८९२ च्या सुमारास जातवार पलटणी करायला सुरुवात झाली आणि महारांची भरती बंद झाली. कोणा एका शिपायाची चौकशी झाली नाही, कोणा हवालदाराला बोलावून विचारलं नाही. एका अख्ख्या समाजाच्या नावापुढं 'नालायक' असा शेरा पडला. गोपनीय अहवालाचा इतिहास लिहायचा झाला तर यापेक्षा मोठा अन्याय मला तरी दिसत नाही.

ज्यांच्यावर हा शेरा पडला ते कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि फौजेच्या शाळेत १४ वर्षं मुख्याध्यापक होते. गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. १८९४ ला त्यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरसेनापतीच्या नावानं अर्ज तयार केला. पुढं पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी हीच मागणी लावून धरली आणि १९१० ला थेट विलायतेच्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज नेला. मागणी किती साधी, तर फौजेत आणि पोलिसांत शिपायाची नोकरी द्या.

१९१७ ला महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ पर्यंत ती मोडली. पुन्हा दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार मंडळावर होते, त्यांनी हा विषय रेटला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे शेरा खोटा होता हे सरकारलाही ठाऊक होतं. गरज लागली की खोडायचा, गरज संपली की परत लिहायचा. याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतल्या कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. कृष्ण राव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुखही याच रेजिमेंटचे.

आता उलट उदाहरण. चांगला शेरा कसा असतो?

माणगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचं मानपत्र वाचलं तर त्यात काय केलं ते ओळीनं लिहिलेलं आहे. तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. हा एकटा मशीनगनवर धावून गेला. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली. एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वाचणाऱ्याला माणूस डोळ्यापुढं उभा राहतो. नुसतं 'अत्यंत शूर व कर्तव्यदक्ष' असं लिहून संपवलं असतं, तर आज आपल्याला काय कळलं असतं?

हाच सगळा मुद्दा आहे. 'मेहनती', 'आज्ञाधारक', 'चांगला' हे शब्द कोणालाही चिकटवता येतात. हवालदाराचं काम वेगळं असतं. त्याच्या हाताखालच्या दहा पोरांपैकी किती जणांचा नेम सुधारला? रात्रीच्या गस्तीत त्यानं वाट चुकू दिली का? हत्यारं, दारूगोळा, रेशन यांचा हिशोब जुळला का? पोरगा घरच्या काळजीनं खचला तेव्हा ते आधी कोणाच्या ध्यानात आलं? हे लिहिलं तर तो शेरा.

'चांगला' या शब्दानंही माणूस मागं पडतो, हे सर्वोच्च न्यायालयात सिद्ध झालं आहे. देव दत्त नावाचे सीमा रस्ते संघटनेतले अभियंता. बढतीला 'फार चांगला' हवा होता, एका वर्षी 'चांगला' पडला आणि तो त्यांना कळवलाही नाही. १२ मे २००८ ला कोर्टानं सांगितलं, की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. पण त्याच निकालात असंही स्पष्ट केलं, की हे लष्करी अधिकाऱ्यांना लागू नाही, त्यांची व्यवस्था वेगळी आहे.

हे सगळं आज राळेगावात बसून का लिहितो आहे? कारण अग्निवीर. जून २०२२ ला योजना आली. चार वर्षांची नोकरी आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना कायम करणार. पहिली तुकडी जानेवारी २०२३ ला प्रशिक्षणात गेली, तिची चार वर्षं २०२६ च्या शेवटी भरतात. पूर्वी शेऱ्यावर बढती अडायची, आता अख्खी नोकरीच अडणार. कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या आपल्या भागातल्या पोराचं पुढचं आयुष्य त्या कागदावर ठरणार. आणि त्या पोराला रोज पाहणारा पहिला माणूस कोण? त्याचा हवालदार.

योजना चांगली की वाईट, यावर भांडायला जागा पुष्कळ आहे. माझी मागणी छोटी आहे. चारांतले तीन घरी पाठवायचे असतील तर त्या तिघांना निदान कळू द्या, कुठं कमी पडलो. शेऱ्यात विशेषण नको, काम लिहा. आणि एकाच्या मर्जीवर नको, गडावरच्या तिघांसारखं दोघा-तिघांच्या नजरेतून जाऊ द्या.

आणि हे फौजेपुरतं नाही. आपल्यातले मुख्याध्यापक, ठाणेदार, मंडळ अधिकारी दरवर्षी कोणाचा तरी अहवाल लिहितातच. मागच्या वर्षीचाच शब्द या वर्षी उतरवता का, हे स्वतःला विचारा. त्या एका शब्दामागं एक घर असतं.

त्या काकांना मी विचारलं, तुमच्या पुस्तकात काय लिहायला हवं होतं? थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिवायचं होतं, की याच्या हाताखालचं एकबी पोरगं याच्या चुकीनं मेलं नाही."

झेरॉक्सचे सहा रुपये देऊन ते निघून गेले.

तुमच्या घरी असं डिस्चार्ज बुक असेल तर आज काढून पाहा. आजोबा असतील तर विचारा आणि लिहून ठेवा. रकान्यात मावलं नाही ते आपण लिहू.