दऱ्याखोऱ्यांची दाक्षिणात्य कळ

रेमिंग्टन टाइपरायटरवर हात बसलेला माणूस संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकाकडे वळला की आधी वेलांटीपाशी अडखळतो. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये अक्षरानंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. ही खोड सरावाने जाते. मला नादाला लावलं ते शिफ्ट दाबून उमटणाऱ्या एका अक्षराने: ऱ.

कळफलकांच्या इतिहासातले मोठे टप्पे उरकून घेतो. शोल्सचा क्वर्टी हा इंग्रजी कळफलक १८७०च्या दशकातला, ड्वोरॅकच्या मांडणीचं पेटंट १९३६चं, आपला इन्स्क्रिप्ट १९८६चा. त्याच्या जोडीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१मध्ये भारतीय मानक झाली. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि बंगालीपासून तमिळपर्यंत मांडणी एकच.

आता इन्स्क्रिप्ट लावून इंग्रजी ओ, जे, डी, तिरकी रेघ, ई या कळा ओळीने दाबा. ‘दर्या’ येईल, म्हणजे समुद्र. जे दाबताना फक्त शिफ्ट धरा, की ‘दऱ्या’. समुद्र आणि डोंगरदऱ्यांमध्ये एवढंच अंतर.

मग हा ऱ खास मराठीसाठी ठेवला असेल? उत्तर सरळ वाटतं, पण मला पटत नाही. त्याचे सोबती पाहा. शिफ्ट धरून व्ही दाबला की ऩ, बी दाबला की ऴ. मराठी मजकुरात या दोघांना काडीचं काम नाही. तमिळ मांडणी लावा: त्याच तीन कळांवर त्या भाषेची रोजच्या वापरातली तीन अक्षरं निघतात. तिघं भावंडं दक्षिणेतून एकत्र आली. त्यांतल्या एकालाच मराठीत नोकरी मिळाली.

ती का मिळाली? इस्कीत भारतीय लिपीसाठी वरच्या १२८च जागा होत्या आणि अर्ध्या अक्षरांना वेगळा संकेत नव्हता. व्यंजनाला हलन्त जोडायचा. पण र अधिक हलन्त म्हणजे रफार, हे आधीच ठरलेलं. मग ‘वाऱ्यावर’मधला आडवा र कुठून आणायचा? देवनागरीत रिकामा बसलेला ऱ हाताशी होता, त्यालाच कामाला लावलं असणार. हा माझा कयास, पण मी त्यावर ठाम आहे. त्या आडव्या र चा आकार आपल्या छपाईत संगणकाआधीपासूनचा. उसनी घेतली ती फक्त कळ.

युनिकोडने इस्कीची ही रीत उचलली, शिवाय र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी दुसरी वाटही मोकळी ठेवली. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने शोधलं तर अनेकदा सापडत नाही. तेव्हा कळफलक कोणताही लावा, पण आडवा र ऱ पासूनच घडवा, म्हणजे लिहिलेलं पुढच्या माणसाला शोधता येईल.